क्वाडचे हेडलाइट बदलायचेत, रात्री रानवाटेवर काही दिसत नाही

रानवाट (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. क्वाडवर (चार जाड टायरांची उघडी रानगाडी, एटीव्ही) रात्री फिरायला सुरुवात केली आणि मूळच्या हेडलाइटनी जीव नकोसा केला आहे. गाडी चारशे सीसीच्या आसपासची, युटिलिटी प्रकारची, कार्ब्युरेटरवाली. पुढे दोन दिवे, दोन्हींत एचएस१ हॅलोजन, ३५/३५ वॅट. गाडी आयडलला आली की उजेड विझत चालल्यासारखा मंद होतो. सरळ वाटेवर जेमतेम वीसेक मीटर दिसतं, आणि वळणावर तर दिवे एकीकडे आणि मी दुसरीकडे. दोन गाड्या पुढे असल्या की धुळीची पांढरी भिंतच समोर उभी राहते.

वापर म्हणाल तर निम्मा झाडीतल्या अरुंद वाटांवर आणि निम्मा मोकळ्या माळावर. वेग ३० ते ४०, क्वचित ६०. एलईडी बल्ब घालू, लाइट बार (एलईडींची आडवी पट्टी) लावू की आख्खे दिवेच बदलू? वायरिंगचं काम थोडंफार स्वतः करू शकतो.

धुरळा

सोप्पं आहे. पुढच्या कॅरिअरवर २० इंची लाइट बार ठोका, विषय संपला. माळावर दिवस उगवल्यासारखं दिसतं.

वायरमन

धुरळा भाऊ, जरा थांबा. त्यांच्या गाडीची कॉइल (इंजिनमधली, वीज तयार करणारी) किती वॅट देते हे माहीत नसताना १२० वॅटचा बार लटकवला, तर परत येताना किक मारायची वेळ येईल. आणि किक असेल तर!

रानवाट, काहीही विकत घेण्याआधी मल्टिमीटर काढा आणि तीन आकडे इथे लिहा. पहिला, गाडी बंद असताना बॅटरीवरचे व्होल्ट. दुसरा, गाडी चालू, दिवे चालू, साधारण ३००० आरपीएमवर बॅटरीवरचे व्होल्ट. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा: त्याच अवस्थेत, दिवा जळत असताना थेट बल्बच्या सॉकेटवर, पॉझिटिव्ह आणि अर्थ यांच्यामध्ये किती व्होल्ट मिळतात. कनेक्टर काढून मोजू नका. करंट वाहत नसताना गंजलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते.

कारण सांगतो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड ३० टक्के गेला. क्वाडच्या कारखान्यातल्या वायरिंगमध्ये बॅटरीपासून निघालेला करंट इग्निशन स्विच, मग हँडलवरचं डिपर स्विच, मग चार-पाच कनेक्टर असा फिरून बल्बपर्यंत येतो. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं गळतं.

रातराणी

वाचतेय. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त माझी गाडी स्पोर्ट क्वाड आहे. दिवे हँडलवर लावावेत की बॉडीवर, यावरही कुणीतरी लिहा.

रानवाट

वायरमन काका, हे घ्या आकडे. बंद असताना १२.६. चालू असताना बॅटरीवर १४.१. बल्बच्या सॉकेटवर ११.९! मी परत परत मोजलं, हेच येतंय.

वायरमन

इथेच घोडं पेंड खातंय. एचएस१ ला कागदावर ८२५ ल्युमेन अप्परला आणि ५२५ डिपरला मिळतात, पण ते १३.२ व्होल्टवर. तुम्हाला ११.९ मिळतात, म्हणजे हातात आलेला उजेड कागदावरच्या साधारण ७० टक्के. मधले २.२ व्होल्ट तुम्ही वायरी आणि स्विच तापवण्यात घालवताय.

यावर उपाय म्हणजे रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारं स्विच. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड वायर काढा, बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज टाका (नंतर टाकलेल्या फ्यूजच्या आधीची वायर घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं कुणी नाही), ती रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ नंबरवरून बल्बला. ८६ ला जुनी हेडलाइटची वायर, तिने आता फक्त रिले खेचायचा. ८५ अर्थला. अप्परला एक आणि डिपरला एक, असे दोन रिले लागतील. बल्बचा अर्थ परत बॅटरीच्या निगेटिव्हला न्या, जवळच्या रंगवलेल्या नटबोल्टवर सोडू नका. निम्मा व्होल्टेज ड्रॉप अर्थच्या बाजूला असतो आणि तिकडे कुणी बघत नाही.

एक गोष्ट आधी तपासा. काही गाड्यांत हेडलाइटला प्लस कायम असतो आणि स्विच अर्थच्या बाजूने तोडजोड करतं. तसं असेल तर ८५-८६ ची जोडणी उलटी विचारात घ्यावी लागते, आणि पुढे कधी एच४ धाटणीचे एलईडी बल्ब घातलेत तर ते पेटतच नाहीत किंवा अप्पर-डिपरची अदलाबदल होते.

वायरची जाडी म्हणाल तर, १० अँपिअरचा भार आणि जाऊन-येऊन ४ मीटर वायर धरली, तर १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्यात जवळपास अर्धा व्होल्ट जातो, २.५ मध्ये पाव व्होल्टच्या थोडं वर. मी डोळे झाकून २.५ वापरतो.

धुरळा

म्हणजे एवढं करून शेवटी हॅलोजनच? २०२५ उलटून गेलं काका.

वायरमन

फुकटात ५०-६० टक्के उजेड वाढतोय तो आधी घ्या ना. आणि पुढे एलईडी लावलात तरी याच हार्नेसवर लागणार आहे, वाया काही जात नाही.

काचबिंदू

मी प्रकाशाच्या बाजूने लिहितो, वायरी माझा प्रांत नाही. लांबलचक होईल, पण या विषयावर लोक ल्युमेनच्या आकड्यामागे लागतात आणि फसतात.

आधी भंपक आकडे ओळखायची युक्ती. आजच्या चांगल्या एलईडी दिव्यातून प्रत्यक्ष बाहेर येणारा उजेड वॅटमागे साधारण १०० ल्युमेन धरा, फार तर १३० पर्यंत. खोक्यावर '४० वॅट, २०,००० ल्युमेन' लिहिलं असेल तर ते खोकं खाली ठेवा. तुलनेसाठी, कारमधला एच४ हॅलोजन अप्परला १६५० ल्युमेन देतो, ३५ वॅटचा डी२एस झेनॉन ३२००.

पण ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघालेला एकूण उजेड. तुमच्या वाटेवरच्या दगडावर किती पडला, ते लक्समध्ये मोजतात. अंतर दुप्पट झालं की लक्स चौथाई. म्हणून ६० अंशांचा फ्लड (पसरट झोत) आणि १० अंशांचा स्पॉट (अरुंद झोत) सारख्याच ल्युमेनचे असले तरी ५० मीटरवर त्यांची काही तुलनाच होत नाही. १० अंशांचा झोत ५० मीटरवर साधारण पावणेनऊ मीटर रुंद होतो. अख्खी वाट आणि दोन्ही कडेची झुडपं त्यात बसतात. फ्लडचा उजेड तोवर आभाळात आणि चाकांपुढच्या मातीत सांडून गेलेला असतो.

आता जी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गाडीपुढच्या पाच-दहा मीटरवर लख्ख उजेड पडला की छान वाटतं. फोटोतही छान दिसतं. पण डोळा त्या लख्ख पट्ट्याशी जुळवून घेतो, बाहुली बारीक होते, आणि मग चाळीस मीटरवरचा मंद उजळलेला खड्डा काळाच राहतो. म्हणजे जवळचा उजेड वाढवून तुम्ही लांबचं बघायची ताकद कमी करता. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि ती कमाई एका झगझगीत झोतात जाते. म्हणून झोत लांबवर घट्ट आणि जवळ येता येता फिका हवा. धुरळांच्या २० इंची बारमध्ये बहुधा मधे स्पॉट आणि कडेला फ्लड असे मिश्र डोळे असतील, आणि त्यातला फ्लडचा भाग बॉनेटवर, कॅरिअरच्या नळ्यांवर पडून परत डोळ्यात येत असेल. बघा पडताळून.

धुरळा

कॅरिअरच्या नळ्या चमकतात हे खरं आहे. मी त्यांना काळा मॅट रंग मारला आणि बार पुढे सरकवला, त्रास बराच गेला. पण माळावर मला बारच बरा वाटतो हो. तिथे वाट अशी नसतेच, दोन्ही बाजूंनी काय पळत येईल सांगता येत नाही. ससे, कुत्री, गुरं, सगळं कडेनेच येतं. स्पॉटमध्ये ते दिसेपर्यंत चाकाखाली.

काचबिंदू

हा मुद्दा मान्य. मोकळ्यावर रुंदी लागते. फक्त बारला वेगळं स्विच द्या आणि झाडीत शिरलात की बंद करा. झाडीत जवळच्या पानांवरून येणारा उजेड नुसता छळतो.

रानवाट, तुमच्या वेगाचाही हिशोब मांडा. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. दीड सेकंद प्रतिक्रियेला धरले तर १७ मीटर ब्रेक लागण्याआधीच गेले. सुट्या मातीवर घर्षण ०.४ धरलं तर पुढे आणखी १६ मीटर. झाले साधारण ३३. ताशी ६० ला हेच ६० मीटरवर जातं. तुम्हाला वीस मीटर दिसतं म्हणता. मग ४० ने जाताना तुम्ही दिसणाऱ्या वाटेच्या पलीकडे गाडी हाकताय. नवे दिवे लागेपर्यंत ३० च्याही खाली राहा.

खडखडाट

एलईडी बल्बबद्दल कुणी सांगेल का? दिवा तोच, आत फक्त बल्ब बदलायचा. सगळ्यात स्वस्त आणि सोपा उपाय.

काचबिंदू

सोपा आहे, पण नशिबाचा खेळ आहे. रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेसाठी घडवलेला असतो. ती तार मिलिमीटरभर सरकली तरी झोत बिघडतो. एचएस१ आणि एच४ मध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी वाटी असते, ती खालच्या अर्ध्या रिफ्लेक्टरवर उजेड पडू देत नाही. म्हणून डिपरला वरची कड कापल्यासारखी दिसते. एलईडी बल्बची चिप त्या जागी, त्याच लांबीची, आणि तशाच वाटीसह असेल तर झोत बरा येतो. नसेल तर उजेडाचं सारवण होतं: जवळ भरपूर, लांब काही नाही, आणि समोरच्याच्या डोळ्यांत सगळं. घालायचाच तर चिपा घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला येतील असा बसवा, आणि आधी भिंतीवर झोत बघा.

वायरमन

आणि मागचा पंखा! त्या बल्बच्या बुडाला चिमुकला पंखा असतो. क्वाडच्या चिखलात तो किती टिकणार? पंखा अडकला की चिप तापते, तापली की उजेड घटतो आणि शेवटी जळते. घेतलाच तर बिनपंख्याचा, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा घ्या, आणि मागच्या रबरी टोपीत त्याला हवा राहते का तेही बघा. टोपीला भोक पाडून मोकळं केलंत तर पाणी आत. हॅलोजनची उष्णता पुढे काचेतून निघून जाते, एलईडीची मागे बुडाशी साठते, हा मूळ फरक आहे. बर्फात चालवणाऱ्यांना याचा उलटा त्रास होतो, काच थंड राहते आणि तिच्यावर बर्फ चिकटून बसतो.

खडखडाट

एचआयडी किट, म्हणजे झेनॉन?

वायरमन

नको. बॅलास्ट (त्याचा वीज पुरवणारा डबा) खडखडाटाने मरतो (आयडीवर टोमणा नाही!), सुरू होताना करंट दणकून खेचतो, पूर्ण उजेड यायला काही सेकंद लागतात. त्याचे दिवस गेले.

छोटा_क्वाड

माझा प्रश्न जरा वेगळा. माझी ११० सीसीची छोटी क्वाड आहे. तिच्यात एलईडी दिवा लावला तर तो सारखा लुकलुकतो, रेस दिली की कमी होतं. दिवा खराब आहे का?

वायरमन

दिवा खराब नाही. तुमच्या गाडीत हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, थेट मॅग्नेटोच्या कॉइलमधून येणाऱ्या एसीवर चालतो. हॅलोजनची तार तापलेली असते, ती एसीच्या मधल्या शून्यातही चमकत राहते, म्हणून कळत नाही. एलईडी लगेच विझतो आणि लगेच पेटतो.

दोन मार्ग आहेत. कॉइलला पुरेशी ताकद असेल तर दिवा बॅटरीवर घ्या, पण लहान गाड्यांच्या बॅटरीला चार्जिंग जेमतेम असतं, त्यामुळे कमी वॅटचाच दिवा परवडेल. दुसरा मार्ग, एसीच्या वायरवर ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) आणि ४७०० मायक्रोफॅरॅड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर. इथे एक खाच आहे. तुमच्या कॉइलचं एक टोक बहुधा इंजिनला अर्थ केलेलं असतं. मग ब्रिजमधून निघणारा निगेटिव्ह चासीला अजिबात टेकता कामा नये, टेकला तर ब्रिजमधल्या डायोडमधून कॉइल अर्ध्या आवर्तनाला शॉर्ट होते. दिव्याला दोन स्वतंत्र वायरी न्या आणि दिव्याची बॉडी आतून निगेटिव्हला जोडलेली नाही ना, हे मीटरने तपासा. पूर्ण उपाय हवा तर स्टेटर (कॉइल बसवलेला भाग) उघडून ते अर्थचं टोक सोडवून बाहेर काढतात आणि फुल वेव्ह रेग्युलेटर रेक्टिफायर लावतात. ते काम माहितगाराकडूनच करून घ्या.

छोटा_क्वाड

बापरे. पण समजलं. धन्यवाद काका.

रातराणी

माझा प्रश्न राहिला का? :)

टायरखुणा

रातराणी ताई, मी सांगतो. मी अरुंद वाटांवरच जास्त असतो.

बॉडीवरचे दिवे गाडीचं नाक जिकडे तिकडे बघतात. वळताना गाडीचं नाक वाटेच्या मागे असतं, म्हणून आतल्या बाजूचा अंधार. हँडलवरचा दिवा हँडलबरोबर फिरतो, त्याने वळणाचं तोंड दिसतं. पोलारिस स्पोर्ट्समनला म्हणूनच हँडलच्या पॉडमध्ये दिवा येतो आणि खाली बंपरमध्ये वेगळे. पण नुसता हँडलवरचा ठेवला तर खडबडीत वाटेवर हँडल थरथरतं आणि अख्खा झोत नाचतो, मळमळायला लागतं. शिवाय घसरत जाताना हँडल उलट दिशेला मारता तेव्हा दिवा नेमका नको तिकडे बघतो. स्पोर्ट क्वाडवर हे जास्त जाणवेल.

माझी जुळणी अशी आहे: बॉडीवर लांबचे दोन, हँडलवर एक मध्यम रुंदीचा, आणि हेल्मेटवर एक छोटा. हेल्मेटचा उजेड तुम्ही बघाल तिकडे पडतो, तीव्र वळणावर आणि गाडी रुतल्यावर खाली बघायला सोन्यासारखा. त्याची बॅटरी खिशात ठेवत असाल तर मधला कनेक्टर ओढला की सुटणारा हवा. पडलात तर वायर मानेला ओढ देणार नाही.

धुळीत मात्र हेल्मेटचा दिवा लगेच बंद करा.

रानवाट

तेच विचारणार होतो. धुळीसाठी पिवळा दिवा घेऊ का? सगळे सांगतात पिवळा उजेड धुळीतून आरपार जातो.

काचबिंदू

आरपार वगैरे काही जात नाही. आकाश निळं दिसतं ते हवेच्या रेणूंमुळे, ते प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फार लहान असतात, म्हणून निळा जास्त विखुरतो. धुक्याचे थेंब आणि वाटेवरची धूळ त्यामानाने प्रचंड मोठी. तिथे सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्याचा फायदा असलाच तर तो डोळ्याच्या बाजूने आहे: निळसर झगझगाट कमी झाल्याने त्रास कमी होतो. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइटच लागायचे, त्यामागेही झगझगाट कमी करण्याचाच युक्तिवाद होता.

धुळीत खरा फरक जागेने पडतो. दिवा डोळ्याच्या जितका जवळ, तितका धुळीवरून परतलेला उजेड थेट डोळ्यात. म्हणून हेल्मेटचा सगळ्यात वाईट, हँडलचा त्याखालोखाल, आणि खाली बंपरशी, दोन्ही टोकांना लावलेले सगळ्यात बरे. खाली, बाहेर, आणि वरची कड कापलेली असा झोत असेल तर पांढऱ्या रंगातही काम होतं. रंग निवडताना ६५०० केल्विनच्या निळसर दिव्यांपेक्षा ४०००-५००० चे घ्या. माती आणि दगडातला फरक त्यात जास्त कळतो, हे माझं मत.

टायरखुणा

आणि पुढच्या गाडीच्या धुळीवर जगातला कुठलाच दिवा नाही. अंतर ठेवा किंवा वाऱ्याची बाजू धरा.

वायरमन

आता वॅटचा हिशोब, कारण तीन-तीन दिव्यांची बोलणी चालली आहेत. क्वाडला बहुतेक वेळा कारसारखा अल्टरनेटर नसतो. फ्लायव्हीलमधले चुंबक कॉइलभोवती फिरतात आणि रेग्युलेटर ती वीज सरळ करून १४ च्या आसपास रोखतो. युटिलिटी क्वाडला ३०० ते ५०० वॅट सांगतात, स्पोर्ट क्वाडला त्याहून बरंच कमी. पण तो आकडा सहसा ५००० आरपीएमचा असतो. अरुंद वाटेवर तुम्ही आयडल आणि ३००० च्या मधे रांगत असता आणि त्याच वेळी रेडिएटरचा पंखा चालू होतो. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही याच वेळी जास्त खातं. गरम ग्रिप्स, जीपीएस वेगळे. विंच (रुतलेली गाडी ओढणारी चरखी) तर बॅटरीच पिते, कॉइलच्या भरवशावर नाही.

आकडेमोड करण्यापेक्षा डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर बॅटरीच्या केबलला लावा. सगळे दिवे पेटवा, पंखा चालू होईपर्यंत गाडी तापू द्या, आणि रेस हळूहळू वाढवत बघा की कुठल्या आरपीएमला करंटची दिशा बदलून बॅटरीत शिरायला लागते. तो आरपीएम तुमच्या नेहमीच्या रांगण्याच्या वेगाखाली असला की निर्धास्त राहा. क्लॅम्प नसेल तर साध्या मीटरवर, दिवे आणि पंखा चालू असताना १३ च्या खाली रेंगाळत असेल तर तुम्ही बॅटरी खाताय.

लोकांना वाटतं एलईडी लावला की कॉइलवरचा भार हलका झाला. शंट प्रकारचा रेग्युलेटर असेल तर नाही. तो उरलेली वीज कॉइल शॉर्ट करून जिरवतो, कॉइल पूर्ण करंटनेच तापत राहते. फायदा फक्त कमी आरपीएमला, बॅटरीला होतो. सिरीज प्रकारचा रेग्युलेटर, उदाहरणार्थ शिंदेनगेनचा एसएच७७५, उरलेली वीज घेतच नाही, तो कॉइल थंड ठेवतो. ज्यांची कॉइल आधी जळलेली आहे त्यांनी याचा जरूर विचार करा.

खडखडाट

काका तुम्ही पुस्तक काढा.

टायरखुणा

पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. पण ती चाचणी शांत पाण्यात होते. आपण गाडी धुताना प्रेशर पंप मारतो, त्यासाठी आयपी६९के बघा. तापलेला दिवा ओढ्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. म्हणून चांगल्या दिव्याला श्वास घ्यायला छोटी पातळ जाळी असते, तिच्यावर सिलिकॉन फासू नका. वायरींना डॉइच धाटणीचे सीलवाले कनेक्टर आणि आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब लावा. ते निळे, वायरला चिमटा घेणारे टॅप कनेक्टर क्वाडवर लावणं म्हणजे सहा महिन्यांनी त्याच वायरी परत शोधायची तयारी.

रानवाट

मंडळी, अपडेट. दोन रिले, २.५ ची वायर, अर्थ थेट बॅटरीला. बल्बवर आता १३.५ येतात. पिवळी पडलेली काच ८०० पासून ३००० पर्यंतच्या वॉटर पेपरने घासली आणि वर यूव्ही क्लिअर कोट मारला. हॅलोजन तेच. फरक एवढा आहे की बायकोने विचारलं, नवे दिवे आणले का?

वळणाची तक्रार अर्थातच तशीच आहे. आता हँडलवर एक मध्यम एलईडी आणि बंपरच्या दोन टोकांना २०-२० वॅटचे स्पॉट घेतोय. बार तूर्त नाही, धुरळा रागावू नका. स्पॉट कसे जुळवायचे? डोळ्यांच्या अंदाजाने?

धुरळा

रागावतो कशाला! माळावर भेटा, बारच्या उजेडात बघू कुणाचं बरोबर ते.

काचबिंदू

अंदाजाने नको, भिंतीवर. सपाट जमीन, भिंत ७.५ मीटरवर, टायरमधली हवा नेहमीची, आणि गाडीवर तुम्ही स्वतः बसलेले. क्वाडच्या टायरात हवा इतकी कमी असते की एका बाजूला दोन पीएसआय कमी-जास्त झाले तरी झोत तिरपा होतो. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर पट्टीने आखा. डिपरची वरची कड त्या रेषेच्या ७-८ सेंटिमीटर खाली आणा, म्हणजे साधारण एक टक्का उतार. दिवा ८० सेंटिमीटर उंचीवर असेल तर ती कड ८० मीटरवर जमिनीला टेकेल. स्पॉटचा सगळ्यात तेजस्वी ठिपका रेषेवर किंवा केसभर खाली, आणि दोन्ही सरळ समोर, एकमेकांत घुसवू नका.

मागच्या कॅरिअरवर सामान लादलंत तर हे सगळं बदलतं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सव्वा मीटर धरा, मागचं सस्पेन्शन तीन सेंटिमीटर बसलं तरी नाक २.४ टक्के वर गेलं. तुमचा एक टक्का खाली असलेला डिपर आता झाडांच्या शेंड्यांवर. म्हणून स्पॉटचे ब्रॅकेट हाताने सैल करता येतील असे लावा.

वायरमन

स्पॉट आणि हँडलचा दिवा यांना वेगवेगळी स्विचं आणि वेगवेगळे फ्यूज. एक शॉर्ट झाला तर सगळे एकदम जाऊन रानात ठार अंधार व्हायला नको. आणि सार्वजनिक रस्त्यावर येताना हे जादाचे दिवे बंद. प्रमाणित दिव्याच्या काचेवर वर्तुळात ई (युरोपचा) किंवा डीओटी अशी अक्षरं (अमेरिकेची) असा शिक्का असतो, बाजारातल्या बहुतेक स्पॉट आणि बारवर तो नसतो. नियम आपापल्या ठिकाणचे बघून घ्या.

रातराणी

टायरखुणा, तुमची जुळणी करून बघते. अवांतर: मागे काय लावता? गटात जाताना धुळीत मला मागच्याला दिसायचंय. मूळचा टेललाइट धुळीत दोन गाड्यांच्या अंतरावरच गायब होतो.

टायरखुणा

मागे कॅरिअरच्या वरच्या नळीला, जमेल तेवढ्या उंचीवर, एक अंबर एलईडी. बाहा १००० सारख्या रात्र-रात्र चालणाऱ्या शर्यतींत गाड्यांच्या मागे असाच दिवा असतो. धूळ खाली दाट आणि वर विरळ असते, म्हणून उंची महत्त्वाची. रंग ब्रेकलाइटपेक्षा वेगळा हवा म्हणून अंबर. १० वॅट पुष्कळ झाले, त्याहून जास्त लावलंत तर मागचा माणूस तुम्हाला शिव्या घालेल. आणि लुकलुकणारा लावू नका, लुकलुकणाऱ्या दिव्याचं अंतर मागच्याला नीट कळत नाही.

रातराणी

तो हेडलाइटच्या स्विचवर घ्यायचा की वेगळा?

टायरखुणा

वेगळा. हवा स्वच्छ असताना बंद ठेवता आला पाहिजे. स्विच हातमोज्यात सापडेल असं मोठं घ्या, आणि त्याची वायर मागच्या मडगार्डच्या आतून नेताना सायलेन्सरपासून हातभर लांब ठेवा.